स्टेप्स तर सगळ्यांनाच सुचतात

नृत्यदिग्दर्शनाबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग झाला. निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच: ‘मी चांगला नाचतो, पुढे काय?’ त्यातलं एक घेतलंय, बाकीची वेगळ्या वळणाची निवडली आहेत. ‘तुम्ही कोण?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: कथक गिरगावात शिकले, हिंदी चित्रपटांत मागच्या रांगेत नाचले, मग बरीच वर्षं असिस्टंट होते. आता नाटकं, मराठी चित्रपट, पुरस्कार सोहळे, आणि डिसेंबर उजाडला की शाळांची स्नेहसंमेलनं.

प्रश्न : मी सांगलीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात सोलो नृत्यात पहिला आलो. कोरिओग्राफर व्हायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, नाचून कुणाचं पोट भरलंय? या कामाला नेमकं काय काय यावं लागतं, ते एकदा स्पष्ट सांगा.

अभिनंदन. पण सोलोतलं पहिलं बक्षीस हा तू चांगला नाचतोस याचा पुरावा झाला, तू नाच बसवू शकतोस याचा नाही. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की एक उत्तम येणाऱ्याला दुसरं अजिबात न जमणं हे आमच्याकडे रोजचं आहे.

नाचताना तू स्वतःचं शरीर ओळखतोस. कुठे उडी लागते, कुठला गुडघा कुरकुरतो, कुठला हात छान दिसतो, हे तुला न विचारता कळतं. बसवताना समोर दुसऱ्यांची शरीरं असतात आणि ती तुझ्यासारखी नसतात. कुणाचा खांदा जड, कुणी जन्मजात अर्धा ठोका मागे, कुणाला डावं-उजवं कळत नाही, आणि हिरोईनच्या पाठीत नेमकी आजच लचक भरलेली. अशा दहा जणांकडून जे छान दिसेल ते काढून घ्यायचं. स्टेप्स तर सगळ्यांनाच सुचतात रे. माझ्या सोसायटीतल्या सातवीतल्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त सुचतात.

एक परीक्षा सांगते, स्वतःच घे. कधीही न नाचलेले पाच मित्र पकड, क्रिकेटवाले चालतील. एका मिनिटाचं गाणं तीन संध्याकाळींत बसव. चौथ्या दिवशी त्यांच्यासमोर नाचायचं नाही, मागे जाऊन बसायचं आणि त्यांना नाचू द्यायचं. बसलं, तर तुझ्यात काहीतरी आहे. तू समोर नाचत नसलास की सगळं कोसळत असेल, तर तू त्यांना नाच शिकवला नाहीस, फक्त तुझी नक्कल करायला लावलीस. आणि त्या पाचांपैकी सगळ्यात कच्चा जो असेल, त्याच्यावर चिडलास की त्याच्यासाठी स्टेप बदललीस, हेही प्रामाणिकपणे आठव.

कौशल्यांची यादी मागितली आहेस. यादी देत नाही, पण सगळ्यात आधी काय लागतं ते सांगते: डोळा. आठ जण एकदम नाचत असताना तिसरीची टाच उचलली जात नाही आणि सातवा मान उशिरा वळवतोय, हे एका बघण्यात दिसलं पाहिजे. हे उपजत नसतं, सवयीने येतं. मी असिस्टंट असताना आमच्या मास्टरजी, म्हणजे मुख्य नृत्यदिग्दर्शिका, मॉनिटरकडे पाठ करून चहा पीत आणि नुसत्या पायांच्या आवाजावरून ‘डावीकडची लेट आहे’ म्हणत. आम्ही वळून बघायचो तर खरंच असायची.

दुसरं म्हणजे तोंड. ‘असं नाही, असं’ म्हणत स्वतः करून दाखवणं सोपं आहे. ‘वजन उजव्या पायावर ठेव, मग डावा आपोआप मोकळा होईल’ असं नेमकं वाक्य सापडणं कठीण. त्याशिवाय लोकांची नावं लक्षात राहिली पाहिजेत. ‘ए पिवळा टी-शर्ट’ म्हणून हाक मारलेला मुलगा मन लावून नाचत नाही.

पोटाचं म्हणशील, तर घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. या धंद्याला हंगाम असतो. गणपती-नवरात्र, मग लग्नसराईतले संगीत, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग. जून-जुलैत हात रिकामे, तेव्हा क्लासच तारतो. मुंबईत चित्रपटांत ग्रुपमध्ये नाचायचं तर सिने डान्सर्स असोसिएशनचं सभासदत्व काढावं लागतं, आणि तिथून असिस्टंट, मग मास्टर, ही शिडी लांब आहे. सरोज खान लहानपणापासून ग्रुपमध्ये नाचल्या, नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या असिस्टंट झाल्या, १९७४ साली पहिला स्वतंत्र चित्रपट मिळाला, आणि नाव घराघरांत पोचायला १९८७-८८ उजाडलं. फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला तोच मुळी १९८९ मध्ये, ‘तेजाब’मधल्या त्यांच्या कामानंतर. तोवर आमच्या जमातीला बक्षीस द्यावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रीतसर शिकायचं असेल तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे. नृत्यातली पदवी दोन्हीकडे घेता येते. पण आधी बी.कॉम. पुरं कर. विनोद करत नाहीये. कोटेशन, ॲडव्हान्स, टीडीएस, जीएसटी यांत अडकून गप्प बसलेले फार गुणी मास्टर मी पाहिलेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे (ता. कणकवली). स्नेहसंमेलनात चौथी-पाचवीची चाळीस मुलं एकाच कोळीगीतात घ्यायची आहेत, कुणालाही वगळायचं नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. स्टेज छोटं आहे. आठ-दहा मुलगे तर नाचायलाच तयार नाहीत. मला नाचातलं काही येत नाही. कसं बसवू?

बाई, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तरही आहे.

पहिल्यांदा टेप घेऊन स्टेज मोजा. समजा वीस फूट रुंद आणि पंधरा फूट खोल निघालं. दहा वर्षांच्या मुलाला हात पसरून नाचायला साधारण चार फूट लागतात. म्हणजे एका रांगेत पाच. पुढून मागे तीन रांगा नीट बसतात. पुढे पाच, मध्ये चार, मागे पाच, अशी चौदा मुलं झाली. एका वेळी याहून जास्त चढवलीत की नाच संपला, गर्दी सुरू झाली. तेव्हा चाळीस जणांना एकदम उभं करायचा विचारच सोडा. गाण्याचे तुकडे करा आणि तुकड्यागणिक मुलं बदला.

मधल्या रांगेतली चार मुलं पुढच्या पाचांच्या बरोबर मागे नाहीत, दोघांच्या मधल्या फटीत उभी करायची. आम्ही याला ‘विंडो’ म्हणतो. मुलांना ते समजावायची सोपी युक्ती आहे. समोर, प्रेक्षकांत मधोमध एक खुर्ची ठेवा आणि तिच्यावर तुम्ही बसा. ‘तुला मी दिसते का? दिसत नसेन तर तूही मला दिसत नाहीस. सरक.’ मुलं आपापली सरकतात आणि पुढेही विसरत नाहीत. जागा ठरल्या की खडूने आकडे लिहा. स्टेज आधी मिळणार नसेल तर मैदानावर तेवढाच चौकोन फक्कीने आखा आणि रोज त्याच्याच आत सराव करा. मोकळ्या मैदानावर बसवलेला नाच स्टेजवर आला की मुलं एकमेकांच्या पायांवर पडतात.

आता नाचायला नको म्हणणारे मुलगे. त्यांना नाच म्हणूच नका, होडी करा. आठ जण एकामागे एक, पाय फाकून खाली बसलेले, हातात बांबूच्या काठ्या. ‘एक’ला सगळे पुढे वाकतात, ‘तीन’ला ओढून मागे, आठच्या मोजणीत दोनदा वल्हवणं. याच्यापलीकडे त्यांना काही करायचं नाही. फक्त आठही जण एकदम वाकले पाहिजेत, आणि ते त्यांना जमेल, कारण पाठीमागच्याचं डोकं पुढच्याच्या पाठीवर आपटलं की चूक कुणाची ते आपोआप कळतं! होडी मागच्या बाजूला, थोडी तिरकी ठेवा. पुढे मुली टोपल्या घेऊन येतात-जातात. बघणाऱ्यांच्या लक्षात होडीच राहील, लिहून ठेवा. आणि घरी जाऊन सगळ्यात जास्त मिशीवर ताव देतील ते हेच आठ.

बाकीच्यांची ये-जा कशी करायची? डावीकडून सात आत येत असतील त्याच आठच्या मोजणीत उजवीकडून सात बाहेर गेले पाहिजेत. आत येणाऱ्यांची वाट पुढून, जाणाऱ्यांची मागून. नाहीतर विंगेत टक्कर होते आणि टोपलीतले पुठ्ठ्याचे बोंबील स्टेजभर पसरतात. एक मोठी विद्यार्थिनी प्रत्येक विंगेत उभी करा, तिचं काम एवढंच की पाठीवर थाप देऊन ‘जा’ म्हणायचं.

तुम्हाला नाचता येत नाही ही तुमची अडचण नाही. शिकवताना मात्र मुलांकडे तोंड करून उभ्या राहणार असाल तर त्यांच्या उजव्याला तुम्ही डावा हात उचला, म्हणजे त्यांना आरशातल्यासारखं करता येईल. सगळ्यांच्या उजव्या मनगटाला लाल रिबीन बांधा, ‘उजवा’ न म्हणता ‘लाल’ म्हणा. आधी आकड्यांवर बसवा, मग गाण्यावर. मोबाइलवर गाण्याचा वेग कमी करता येतो, पहिल्या आठवड्यात तसंच लावा. आणि शेवटच्या आठवड्यात कितीही सुंदर कल्पना सुचली तरी बदलायचं नाही. मुख्याध्यापकांना सुचली तरी.

वीज जाणार हे कोकणात गृहीत धरा. दोन पालकांना ढोलकी आणि टिमकी घेऊन पुढे बसवा. गाणं बंद पडलं तर मुलं तोंडाने म्हणत राहतील. असं झालं तर टाळ्या जास्तच पडतात, हेही सांगून ठेवते.

प्रश्न : कोरिओग्राफरला संगीत किती कळावं? तबला शिकावा का? (नाशिक)

शिकता आला तर सोनं. नाही तर निदान गाण्याचा नकाशा काढता आला पाहिजे.

नाचणारी मंडळी सगळं आठांत मोजतात. ‘पाच-सहा-सात-आठ’ म्हटलं की पाय उचलतात. केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या गाण्यात हे चालतं. दादरा आला की सहाच्या मोजणीत आठ बसत नाही, आणि मुलं बिचारी प्रत्येक ओळीला थोडी थोडी घसरत जातात. रूपकाची सात मात्रांची चाल असेल तर विचारूच नका. त्याहून फसवा प्रकार म्हणजे म्युझिक पीसच्या (कडव्याआधी नुसती वाद्यं वाजतात त्या भागाच्या) शेवटी जोडलेला चारचा तुकडा. तीन वेळा आठ येतात आणि चौथ्यांदा नुसतेच चार, की लगेच कडवं सुरू. कानाला कळत नाही, पायाला कळतं.

म्हणून गाणं हातात आलं की मी आधी नाचत नाही. कागद घेते आणि उतरवते: मुखडा किती आठ, पीस किती, कडवं किती, चारचा तुकडा कुठे, श्वास कुठे, गायिकेने कुठला शब्द लांबवला. मग त्या कागदावर रंगाने खुणा करते. ढोलकीचा तोडा असेल तिथे पाय, शब्द महत्त्वाचा असेल तिथे पाय बंद, फक्त चेहरा. प्रत्येक ठोक्यावर काहीतरी करायची नव्या मुलांची हौस असते. माझ्या मते गाण्यातली स्तब्ध उभं राहायची जागा ओळखता येणं हीच या कामातली सगळ्यात उशिरा येणारी गोष्ट आहे.

प्रश्न : मी कथक विशारद असून एका नृत्यदिग्दर्शकांकडे असिस्टंट आहे. माझ्या स्टेप्स सर्रास वापरल्या जातात आणि नाव त्यांचं येतं. कायद्याने काही करता येतं का? की असिस्टंटने गप्पच बसायचं? (मुंबई)

आधी कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘नाट्यकृती’ची जी व्याख्या आहे तिच्यात नृत्यरचनाही येते. अट अशी की ती लिहून किंवा अन्य रीतीने पक्की नोंदवलेली असली पाहिजे. चित्रपट मात्र त्या व्याख्येतून वगळलेला आहे. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्यातून घडवलेल्या बॅलेंच्या हक्कांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि २००९ मध्ये त्याचा निकाल लागला. तिथेही ती रचना नाट्यकृती म्हणूनच धरली गेली. म्हणजे रचना ही मालमत्ता आहे, याबद्दल शंका नको.

पण रचना म्हणजे अख्खी मांडणी. सुटी गिरकी, कमरेचा एक झटका किंवा तीनतालातली एक तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) यांवर मालकी सांगता येत नाही. आणि तुम्ही पगारावर, दुसऱ्याच्या कामासाठी सुचवलेल्या चार गोष्टी वेगळ्या काढून दाखवणं तर फारच अवघड. करारात काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. करारच नसेल (बहुधा नसतोच), तर पुढच्या कामाआधी एवढं तरी लेखी मागा: श्रेयनामावलीत ‘सहायक नृत्यदिग्दर्शक’ म्हणून नाव आणि मानधन किती दिवसांत मिळणार. स्वतःच्या स्वतंत्र रचना मात्र तारखेसह व्हिडिओ करून आणि कागदावर उतरवून ठेवत जा.

आता कायद्याबाहेरचं. असिस्टंटची वर्षं तुम्हाला स्टेप्स पुरवण्याची वाटत असतील तर तुम्ही खरं शिक्षण सोडून देताय. सेटवर बघा. शॉट ‘कट’ झाला तेव्हा ओळ कुठली होती, हिरोईनचं वजन कुठल्या पायावर होतं, पदर कुठल्या खांद्यावर, नजर कुठे, हे लक्षात ठेवण्याचं काम तुमचं आहे. दोन तासांनी लाइट बदलून पुढचा शॉट लागेल तेव्हा तो थोडा आधीच्या ओळीपासून उचलायचा, म्हणजे एडिटरला कात्री चालवायला जागा मिळते. स्टेजवर प्रेक्षक एका जागी बसतो, इथे कॅमेरा फिरतो. लेन्स कुठली लागली हे विचारल्याशिवाय पायाचं काम देऊ नका. छातीपर्यंतची फ्रेम असेल तर तुमची ती सुंदर तत्काराची ओळ जमिनीवरच राहणार.

स्लो मोशनचं तर गंमतीचं गणित आहे. पडद्यावर चाल संथ आणि ओठ मात्र गाण्याशी जुळलेले हवे असतील, तर कॅमेरा चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस फ्रेम्सवर चालवतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. नटीने चिपमंकसारख्या चिरक्या आवाजातल्या त्या गाण्यावर दुप्पट वेगाने ओठ हलवत, दुप्पट वेगाने नाचत, चेहऱ्यावर ‘मी किती निवांत आहे’ असा भाव ठेवायचा! आणि तिला तो ठेवता यावा म्हणून कॅमेऱ्यामागून मोजणारी असिस्टंट शांत असावी लागते. हे कुठल्या विशारदच्या अभ्यासक्रमात नाही.

तुमचे मास्टरजी चुकतायत का? श्रेय देत नसतील तर हो. पण नाव मिळेपर्यंत शिकायचं थांबवू नका, आणि शिकून झाल्यावर नुसतं नावासाठी थांबू नका.

प्रश्न : आम्ही हौशी संस्था आहोत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवतोय. त्यात आठवडी बाजाराचा मोठा प्रसंग आहे, नाच मात्र एकही नाही. आमच्यातला एक जण म्हणतो, कोरिओग्राफर बोलवा. हा दिग्दर्शकाचा अपमान होत नाही का? (रत्नागिरी)

अपमान कसला? ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. १९७२ सालचं नाटक, दिग्दर्शक जब्बार पटेल, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. त्या नाटकाची आठवण सांगताना लोक गाण्याइतकंच बोलतात ते झुलणाऱ्या माणसांच्या रांगेबद्दल, जी पडदाही होते, भिंतही होते आणि क्षणात फुटून माणसं होते. त्या रांगेचं झुलणं, फुटणं, पुन्हा जुळणं हे शरीरांच्या हालचालीतूनच उभं राहिलेलं आहे.

तुमच्या बाजाराबद्दल: दहा-बारा माणसं ‘फिरा’ म्हणून सोडून दिलीत तर सगळी एकाच वेगाने गोल फिरतात. हौशी नाटकातला बाजार हमखास असाच असतो, शनिवारवाड्याला प्रदक्षिणा घातल्यासारखा. प्रत्येकाला काम द्या आणि वेग द्या. एक घाईत, एक रेंगाळणारी, एक ओझं घेऊन, एक उभाच. वाटा समांतर नकोत, तिरक्या छेदणाऱ्या हव्यात. मुख्य पात्र बोलायला लागलं की सगळ्यांनी पुतळे होऊ नये. वेग अर्धा करावा आणि पाठ किंवा बाजू प्रेक्षकांकडे करावी, म्हणजे नजर आपोआप बोलणाऱ्याकडे जाते.

कोरिओग्राफर बोलावलात तर त्याला एक गोष्ट बजावून ठेवा. शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा. मतभेद असेल तर तो चहाच्या टपरीवर, नटांसमोर नाही. हा गुण नसेल तर बाकीचे सगळे असूनही नाटकात त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवासाठी लावणी बसवायची आहे. पुण्याहून एक ताई झूमवर शिकवतात. आमच्या मुली (८ ते १४ वर्षं) त्यांना सतत तालाबाहेर वाटतात, पण इथे तर त्या बरोबर नाचतात! काय चुकतंय?

मुली बरोबर आहेत आणि ताईही बरोबर आहेत. गाणं पुण्याहून निघून तुमच्याकडे पोचायला वेळ लागतो, मुलींचं चित्र परत पुण्याला जायला आणखी. त्यामुळे ताईंना त्या नेहमीच उशिरा दिसणार. गाणं तुमच्याकडे वाजवा, ताईंनी आपला आवाज बंद ठेवून नुसतं बघावं. शिकवण्याचा भाग त्यांनी आधी व्हिडिओ करून पाठवावा, पाठमोरा एक आणि समोरून एक. लाइव्ह वेळ फक्त दुरुस्तीसाठी वापरा. मुली बेसमेंटमधल्या कार्पेटवर सराव करत असतील तर चाळांचा आवाज आणि टाचेचा ठोका दोन्ही कळणार नाहीत. महिन्यातून एक-दोनदा तरी शाळेच्या जिममधली लाकडी जमीन मिळवा.

न विचारलेलं एक सांगते. रागावू नका. आठ वर्षांच्या मुलीला शृंगारिक लावणी देऊ नये. लावणी वाईट म्हणून नव्हे, उलट लावणी फार मोठी म्हणून. बैठकीची लावणी करणारी बाई एका ओळीवर बसल्या जागी वेगवेगळ्या अदा करते, त्या अदांमागे बाईचं आयुष्य असतं. आठ वर्षांची मुलगी त्याची नक्कल करते तेव्हा सभागृह कौतुकाने हसतं आणि मला खुर्चीत चुळबुळायला होतं. धाकट्यांना लेझीम द्या, भोंडल्याची गाणी द्या, फुगडी द्या, गोव्याची फुगडी तर समूहात सुरेख दिसते. लावणी चौदा वर्षांच्या मुलींना द्या आणि तीही शब्द समजावून. इंग्रजीत समजवावं लागलं तरी चालेल.

प्रश्न : वय ३८, दोन मुलं, लहानपणी भरतनाट्यम सहा वर्षं. आता सुरुवात केली तर उशीर झाला का? गुडघेही कुरकुरतात. (डोंबिवली)

नाचायला थोडा, बसवायला अजिबात नाही. घर, शाळा, डबे आणि सासूबाईंची औषधं एकाच वेळी लक्षात ठेवणारीला वीस जणांच्या एन्ट्र्या जड जात नाहीत. सोसायटीच्या गणपतीपासून सुरुवात करा. गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा. फरशीवर, तीही काँक्रीटवरच्या, अनवाणी उड्या मारणं आणि मुलांना मारायला लावणं बंद करा. क्लाससाठी जागा बघाल तेव्हा भाड्याआधी जमीन बघा.

प्रश्न : मी ठाण्यात लग्नातले संगीत बसवते. सहा नाच, चार दिवस, आणि मुलाचे काका. त्यांना काहीही येत नाही, पण पहिल्या रांगेत यायचंय. शिवाय पैसे बुडवणारेही भेटतात. मार्गदर्शन करा.

काकांना पहिल्या रांगेत घ्याच. भगवानदादांचा नाच आठवा: पाय जेमतेम हलतात, हात पसरलेले, खांदे आणि मान बोलतात. आजही गणपतीच्या मिरवणुकीत अर्धी मुंबई नकळत तेच करते. काकांना चालत आत आणा, मधोमध थांबवा, चार आठ तेवढंच करू द्या, बाकीच्यांना त्यांच्याभोवती फिरवा. टाळ्या त्यांनाच पडतील. त्यांना ‘चुकलं’ म्हणू नका, ‘काका, हे तुमच्या स्टाइलनेच करा’ म्हणा. मग ते बरोबर करतात.

सहा नाचांना सहा वेगळ्या रचना लागत नाहीत. दोन-तीन वळणं सगळ्यांत सारखी ठेवा, म्हणजे शेवटच्या गाण्यात सगळे एकत्र आले की ती सगळ्यांना येत असतात. नवरीचा सराव मेंदीच्या आधी संपवा. मेंदीच्या हातांनी ती कुणालाच धरत नाही. हॉलवर जाऊन स्टेज मोजा, डीजेला गाणी क्रमाने पेनड्राइव्हवर आणि फोनवरही द्या, कुठे कापायचं ते लिहून.

पैशांचं असं ठेवा: निम्मे ठरतानाच, उरलेले शेवटच्या सरावाच्या दिवशी, संगीताच्या आधी. संगीत झाल्यावर वधूपिता सापडत नाही. किती नाच, किती माणसं, किती तास, कुठे यायचं आणि रिक्षा-टॅक्सी कुणाची, हे व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याकडून ‘ओके’ घ्या. सातवा नाच वाढला की त्याचे वेगळे पैसे, आणि तो वाढतोच, कारण मावशींना आदल्या रात्री आठवतं.